साठीनंतरचं प्रथिनांचं गणित: किती, केव्हा आणि कशासोबत

आई आठ दिवस तापाने अंथरुणात होती. ताप उतरला, तोंडाला चव आली, डॉक्टरांनीही ‘आता काळजी नाही’ म्हणून सांगितलं. पण त्यानंतर एक गोष्ट मला खटकायला लागली. जेवणाच्या टेबलावरून उठताना ती दोन्ही हात टेकायची, क्षणभर थांबायची आणि मग उठायची. आधी असं नव्हतं. ‘जरा नीट जेव’ म्हटलं तर उत्तर तयार: ‘मी काय उपाशी राहते का? दोन्ही वेळा पोटभर जेवते.’

तिचं खरंच होतं. चाळिशीत जेवायची तेच आणि जवळपास तेवढंच ती सत्तरीत जेवत होती. चाळिशीत ते पुरायचं, आता पुरत नव्हतं. म्हातारपणी भूक कमी, हालचाल कमी, म्हणून गरजही कमी, असं आपण सगळेच धरून चालतो. उष्मांकांपुरतं ते बरोबर आहे. प्रथिनांच्या बाबतीत गणित नेमकं उलटं आहे. वय वाढतं तसं तेवढ्याच कामासाठी शरीराला जास्त प्रथिनं लागतात, आणि तीही एका वेळी पुरेशी.

हा लेख साठीपुढच्या माणसांसाठी आहे आणि त्यांच्या ताटाकडे लक्ष ठेवणाऱ्या मुलासुनांसाठीही. पायऱ्या ओळीने दिल्या आहेत, पण त्याआधी आत काय घडतं ते समजून घेतलेलं बरं. ते कळलं की पुढचे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

आत नेमकं काय बदलतं

जास्तीची चरबी शरीर साठवून ठेवतं, साखरही थोडीफार साठवतं. प्रथिनांसाठी मात्र वेगळं कोठार नाही. स्नायू हीच ठेव. रात्रीच्या झोपेत, दोन जेवणांच्या मधल्या वेळात, ताप आला तर, जखम भरायची असेल तर, लागतील तेवढी अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक, स्नायूंतून काढली जातात आणि जेवणानंतर परत भरली जातात. तरुणपणी हा जमाखर्च जुळतो. पुढे काढणं चालूच राहतं, भरणा मात्र तोकडा पडायला लागतो. मुद्दल मोडून खाणं म्हणतात ते हेच.

भरणा तोकडा का पडतो? घास तोंडातून स्नायूपर्यंत जातो त्या वाटेवर ठिकठिकाणी गळती असते. दात गेले किंवा कवळी नीट बसत नसली की माणूस चावायला कठीण पदार्थ टाळतो, आणि प्रथिनांचे बरेच पदार्थ चावायला कठीणच असतात. अनेकांच्या जठरातलं आम्ल वयानुसार किंवा आम्लपित्ताच्या गोळ्यांमुळे कमी झालेलं असतं. पचून शोषली गेलेली अमिनो आम्लं आधी आतडी आणि यकृताच्या हाती पडतात. म्हाताऱ्या शरीरात हे दोन अवयव आपला वाटा जरा मोठाच काढून घेतात, त्यामुळे रक्तातून स्नायूंपर्यंत उरतं ते कमी.

तरीही खरी मेख शेवटच्या टप्प्यावर आहे. उपाशीपोटी निरोगी तरुण आणि निरोगी वृद्ध यांच्या स्नायूंत प्रथिनं बनण्याचा वेग मोजला, तर तो जवळपास सारखाच निघतो. फरक पडतो तो जेवणानंतर. तरुण स्नायू थोड्याशा अमिनो आम्लांनीही कामाला लागतो. म्हातारा स्नायू तेवढ्यावर हलत नाही. त्याला कमी ऐकू येतं म्हणा ना! हळू बोललेलं पोहोचत नाही, आवाज चढवला की बरोबर ऐकू येतं. शास्त्रज्ञ याला स्नायूंचा ‘बांधणीला होणारा विरोध’ म्हणतात, पण कमी ऐकू येणं हे रूपक मला जास्त उपयोगी वाटतं. कारण त्यात उपायही आहे.

आवाज किती चढवायचा, तेही मोजलं गेलं आहे. वेगवेगळ्या प्रयोगांतली आकडेवारी एकत्र करून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात तरुण पुरुषांना एका वेळी, शरीराच्या दर किलोमागे, साधारण ०.२४ ग्रॅम उत्तम दर्जाची प्रथिनं पुरली. सत्तरीच्या आसपासच्या पुरुषांना ०.४० ग्रॅम लागली. ७० किलोच्या माणसाचा हिशेब केला तर विशीत एका जेवणाला १७ ग्रॅम, सत्तरीत २८ ग्रॅम.

स्नायूपर्यंत निरोप पोहोचवणाऱ्या अमिनो आम्लांत ल्युसिन सगळ्यांत महत्त्वाचं. रक्तातलं ल्युसिन एका पातळीच्या वर गेलं की पेशीतली बांधणीची कळ दाबली जाते. वयानुसार ही पातळी वर सरकते. शिवाय शरीरात सतत धुमसणारा हलका दाह, इन्शुलिनला कमी झालेला प्रतिसाद, जेवणानंतर स्नायूंकडे कमी धावणारं रक्त, या सगळ्यांचा हातभार असतोच. पण सगळ्यांत मोठा हात बसून राहण्याचा आहे. २०१३ सालच्या एका प्रयोगात निरोगी ज्येष्ठांना दोन आठवडे चालणं कमी करायला सांगितलं, दिवसाला जेमतेम दीड हजार पावलांपर्यंत. आजार नाही, अंथरूण नाही, नुसतं कमी चालणं. तेवढ्यानेही जेवणानंतरची स्नायूंची बांधणी सुमारे २६ टक्क्यांनी घटली. म्हणजे कानात बसलेला बराचसा मळ वयाचा नसून खुर्चीचा असतो.

स्नायूंच्या या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव अमेरिकी पोषणतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुचवलं. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे उणीव. नाव इतकं उशिरा मिळालं, कारण तोवर सगळे याला ‘वय झालं’ एवढंच म्हणत होते.

पायरी १: आधी पाय मोजा, मग ताट

वजनकाट्यावर भरवसा ठेवू नका. स्नायू जाऊन त्यांच्या जागी चरबी आली तर काटा तिथेच राहतो. माझ्या आईचं वजन आजारपणाआधी ५९ होतं, नंतर ५८. त्यावरून कोणाला काही कळलं नसतं.

घरच्या घरी करायची सोपी चाचणी खुर्चीची आहे. हात नसलेली, साध्या उंचीची, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर बांधा. पूर्ण उभं राहून पुन्हा बसायचं, असं पाच वेळा, जमेल तितक्या लवकर. शेजारी कोणीतरी उभं असू द्या. पाच वेळा उठायला १५ सेकंदांहून जास्त वेळ लागला तर युरोपातले तज्ज्ञ ती धोक्याची खूण मानतात. आशियाई देशांसाठी २०१९ साली ठरलेल्या निकषात ही मर्यादा १२ सेकंद आहे. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल तर घड्याळाची गरजच नाही.

आईला पहिल्यांदा १९ सेकंद लागले. तारीख आणि आकडा लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळीही तीच खुर्ची घ्या. खुर्ची दोन इंचांनी उंच असली तरी निकाल बदलतो.

पोटरीचा घेरही बघा. बसून, पाय जमिनीला टेकवून, सगळ्यांत जाड भागावर टेप लावायची. आशियाई निकषांनुसार पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर असेल तर पुढची तपासणी करून घ्यावी. पायावर सूज असेल तर हा आकडा फसवा असतो.

पायरी २: प्रथिनं वाढवण्याआधी कोणी थांबायचं

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, अहवालात ‘ईजीएफआर’ लिहितात ती, ३० च्या खाली असेल आणि डायलिसिस सुरू नसेल, तर प्रथिनं सहसा वाढवत नाहीत, मर्यादेत ठेवतात. डायलिसिस सुरू झालं की गणित फिरतं आणि गरज वाढते. ३० ते ६० च्या मधे असाल तर स्वतःच्या मनाने काही ठरवू नका, डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडं ठणठणीत असलेल्या ज्येष्ठांना या लेखातल्या प्रमाणाने ती बिघडण्याची भीती बाळगायचं कारण नाही.

इथे एक खाचखळगा आहे. मूत्रपिंडाची ही क्षमता सहसा रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढतात, आणि क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून. ज्याचे स्नायूच झिजलेत त्याचं क्रिएटिनिन कमी येतं आणि अहवाल उगाचच छान दिसतो. हडकुळ्या वृद्धाचा ‘नॉर्मल’ अहवाल बघून निश्चिंत होऊ नका. शंका असेल तर सिस्टॅटिन-सी ही तपासणी करता येते का ते विचारा. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

पार्किन्सनसाठी लेव्होडोपा घेणाऱ्यांसाठीही एक सूचना. हे औषध आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या दारातून शिरतं, त्याच दारातून प्रथिनांतली काही अमिनो आम्लं शिरतात. दोघं एकदम आले की दारात गर्दी होते आणि औषध मागे राहतं. म्हणून गोळी सहसा जेवणाआधी अर्धा ते एक तास घेतात. आहारात मोठा बदल करण्याआधी त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

आणि हो, रक्तातल्या अल्ब्युमिनवरून ‘माझी प्रथिनं व्यवस्थित आहेत’ असं ठरवू नका. अल्ब्युमिन दाह, यकृताचे आजार, मूत्रपिंडाचे आजार यांनी वर-खाली होतं. काल काय जेवलात ते त्यावरून कळत नाही.

पायरी ३: आपला आकडा काढा

प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांबरोबर २००७ साली दिलेला आकडा आहे दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम. तो वीस वर्षांच्या मुलाला आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांना एकच. शरीरात जाणारं आणि बाहेर पडणारं नायट्रोजन मोजून तो काढलेला आहे. म्हणजे तूट येऊ नये एवढं बघणारा तो हिशेब आहे. जिना चढण्याची ताकद टिकावी म्हणून किती हवं, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही.

२०१३ साली ‘प्रॉट-एज’ नावाच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ६५ वर्षांपुढच्या लोकांसाठी वेगळा सल्ला दिला. धडधाकट असाल तर दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम. एखादा जुनाट आजार किंवा नुकतंच आजारपण झालं असेल तर १.२ ते १.५. गंभीर आजारात किंवा कुपोषणात त्याहूनही जास्त, पण ते वैद्यकीय देखरेखीखाली.

तेव्हा वजन किलोमध्ये घ्या आणि त्याला १.२ ने गुणा. आईचे ५८ किलो, म्हणजे दिवसाला साधारण ७० ग्रॅम. वजन खूप जास्त असेल तर सगळ्या वजनाला गुणू नका, आकडा अवाच्या सवा येईल. उंचीप्रमाणे जे वजन असायला हवं त्याच्या जवळचा आकडा धरा. इथे एक-दोन ग्रॅमांची झिकझिक करण्यात अर्थ नाही.

पायरी ४: तीन दिवसांची वही

ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते आणि डोळे हीच उघडते. तीन दिवस, जे खाल ते खाल्ल्याबरोबर लिहायचं. रात्री आठवून लिहिलं की माणूस स्वतःला जरा जास्तच वाढून घेतो.

हिशेबाला हे मोजके आकडे पुरतात. एका अंड्यात ६ ग्रॅम. २०० मिलिलिटर दुधात साडेसहा. १०० ग्रॅम साध्या दह्यात साडेतीनच्या आसपास. ५० ग्रॅम पनीरमध्ये ९. शिजवलेले मासे १०० ग्रॅम असतील तर २० ते २२, चिकन ३० पर्यंत. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये अडीच. ३० ग्रॅम कोरड्या डाळीत ७.

‘कोरड्या’ या शब्दावर बोट ठेवा, कारण सगळ्यांत जास्त चूक इथेच होते. डाळीत २२ ते २४ टक्के प्रथिनं असतात हे आपण वाचलेलं असतं, पण ते कच्च्या डाळीबद्दल. शिजल्यावर ती पाणी पिते आणि १०० ग्रॅममागे ९ वर येते. त्यात आणखी पाणी घालून पातळ केली तर वाटी तेवढीच दिसते, प्रथिनं निम्मी. म्हणून वाटी मोजू नका. शिजायला किती डाळ टाकली ते मोजा आणि खाणाऱ्यांच्या संख्येने भागा.

आईच्या वहीतलं एक पान असं होतं. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं: ३ ग्रॅम. दुपारी थोडा भात, वाटीभर डाळ, भाजी, दही: १७. संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्किटं: ३. रात्री भाज्यांचं सूप, ब्रेडचे दोन स्लाइस आणि एक पेला दूध: १४. बेरीज ३७. हवेत ७०, पडतात ३७. आणि पोट खरोखरच भरलेलं! ती खोटं बोलत नव्हती.

पायरी ५: एकूण बेरजेपेक्षा एका वेळचा आकडा

त्याच पानाकडे पुन्हा बघा. ०.४० ग्रॅमच्या हिशेबाने तिला एका जेवणाला २३ ग्रॅम हवेत. दिवसभरात एकदाही ती तिथे पोहोचत नाही. म्हणजे दिवसभर ती हळू आवाजात बोलते आहे आणि स्नायूला काहीच ऐकू येत नाही. बहुतेक घरांत दिसणारं चित्र जरा वेगळं असतं: सकाळी जवळजवळ शून्य, दुपारी मध्यम आणि रात्री भरपूर. तिन्ही जेवणं अगदी समसमान केल्याने स्नायू वाढतातच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माझं मत सांगतो. समसमान करण्याच्या फंदात पडू नका, आधी न्याहारी दुरुस्त करा. कारण रात्रीच्या भुकेल्या १०-१२ तासांनंतरचं ते पहिलं खाणं, आणि वाढवायला जागाही तिथेच असते.

आम्ही केलेले बदल असे. सकाळी बिस्किटांच्या जागी दोन अंडी, एक स्लाइस ब्रेड आणि पेलाभर दूध, म्हणजे साधारण २१. दुपारी डाळ दुप्पट आणि घट्ट, दही दीडपट, भात तेवढाच: २५. रात्री सूप-ब्रेड-दुधाला जोडून ५० ग्रॅम पनीर: २३. संध्याकाळचा चहा तसाच ठेवला, त्यावरून भांडण नको. ७० ची गाठ पडली. एकही नवा पदार्थ स्वयंपाकघरात आणावा लागला नाही.

मात्र हे सगळं तिने एका दिवसात स्वीकारलं नाही. पहिला आठवडा फक्त न्याहारी बदलली. आधी वाढलेलं पोटात जिरू द्या, मग पुढचं जेवण.

पायरी ६: कुठली प्रथिनं

दूध, अंडी, मासे, मांस यांच्या प्रथिनांत सगळी आवश्यक अमिनो आम्लं पुरेशी असतात आणि ल्युसिन ८ ते १० टक्के. डाळी आणि धान्यांत ते बहुधा ७-८ टक्क्यांच्या आसपास असतं आणि पचनही थोडं कमी होतं. धान्यात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. दोन्ही दिवसभरात खाल्ली की एकमेकांची उणीव भरून निघते, त्यासाठी ती एकाच घासात असण्याची सक्ती नाही.

यातून शाकाहारी ज्येष्ठांनी निराश होण्याचं कारण नाही, फक्त प्रमाण थोडं वाढवावं लागतं. निव्वळ वनस्पतींवर असाल तर माझा कल सोयाबीनकडे आहे. डाळींच्या मानाने त्यातलं अमिनो आम्लांचं मिश्रण सरस असतं, आणि कोरड्या सोया चंक्समध्ये १०० ग्रॅममागे ५० च्या आसपास प्रथिनं असतात. नुसत्या डाळीतून २५ ग्रॅम गाठायचे तर १०० ग्रॅमहून जास्त कच्ची डाळ एका बैठकीत खावी लागेल. सत्तरीतलं पोट त्याला तयार नसतं.

ल्युसिनसाठी जेवणाला अडीच ते तीन ग्रॅम असा आकडा सांगितला जातो. तो मोजत बसू नका. प्रथिनं पुरेशी आणि मिश्र असली की ल्युसिन मागोमाग येतं.

पायरी ७: जेवण जात नसेल तर

‘सांगायला सोपं आहे, पण घास उतरत नाही’ ही तक्रार खरी असते. वयानुसार वास आणि चव मंदावतात, जठर सावकाश रिकामं होतं, पोट लवकर भरल्याची जाणीव होते. बरीच औषधंही भूक मारतात. अशा माणसाला ‘अजून थोडं घे’ म्हणून ताट भरून देण्याने उलटाच परिणाम होतो.

त्यापेक्षा क्रम बदला. आधी अंडं, डाळ, मासा, पनीर. भात किंवा ब्रेड नंतर. सूप आणि पाणी जेवणाच्या सुरुवातीला नको, पोट त्यानेच भरतं. त्याच घासात जास्त प्रथिनं बसवा. सूप पाण्याऐवजी दुधात करा, लापशीत दुधाची पावडर मिसळा, दही पाणी काढून घट्ट करून द्या. चावता येत नसेल तर मांस खिम्याच्या रूपात द्या. अखंड तुकड्यापेक्षा खिम्यातली अमिनो आम्लं रक्तात लवकर आणि जास्त पोहोचतात, हे ज्येष्ठांवरच तपासलेलं आहे. आणि दातांच्या डॉक्टरकडे जा. आहाराच्या लेखात दातांचं काय, असं वाटेल, पण सैल कवळी महिनोन्महिने तशीच ठेवणाऱ्या घरात प्रथिनांची गणितं करून काही हाती लागत नाही.

पावडरीबद्दल सगळे विचारतात. दुधापासून काढलेली व्हे प्रथिनं लवकर पचतात आणि ल्युसिनने श्रीमंत असतात, त्यामुळे भूक नसलेल्याला त्यांचा उपयोग होतो. पण आधी डब्यामागची बारीक अक्षरं वाचा. एका मापात २० ग्रॅमच्या पुढे प्रथिनं असतील तर ठीक. ‘ज्येष्ठांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डब्यांत साखर पहिल्या नंबरावर असते आणि प्रथिनं जेमतेम. जेवण जात असेल तर डब्याची गरज नाही.

एकूण खाणंच कमी पडत असेल तर प्रथिनं वाढवूनही फायदा होत नाही. उष्मांक अपुरे असले की शरीर प्रथिनंच जाळून काम भागवतं. चंदनाचं सरपण करण्यासारखं आहे ते. म्हणून तूप-तेल, भात-ब्रेड कापून प्रथिनं वाढवण्याचा तरुणांचा प्रयोग बारीक म्हाताऱ्यांवर करू नका. सहा महिन्यांत प्रयत्न न करता ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं असेल, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवा, कारण काहीतरी वेगळंच असू शकतं.

पायरी ८: स्नायूला कामाला लावा

ही पायरी गाळली तर वरच्या सातांचा अर्धाअधिक फायदा वाया जातो. वजन उचलण्यासारखा व्यायाम झाला की पुढचा दिवसभर, कधी त्याहूनही जास्त वेळ, स्नायूला अमिनो आम्लांची हाक नीट ऐकू येते. कमी ऐकू येणाऱ्याला लावायचं यंत्र हेच.

याचा पुरावा मला नेहमी थक्क करतो. मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली बॉस्टनमधल्या एका संस्थेतल्या नव्वदीच्या घरातल्या दहा जणांकडून आठ आठवडे मांड्यांचा भरभक्कम व्यायाम करून घेतला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! पुढे १९९४ मध्ये त्यांनी १०० जणांचे गट पाडले: कोणाला व्यायाम, कोणाला पोषक पेय, कोणाला दोन्ही, कोणाला काहीच नाही. व्यायाम केलेल्यांची ताकद दुपटीच्या वर गेली. नुसतं पेय पिणाऱ्यांच्या ताकदीत फरक पडला नाही. त्या पेयात प्रथिनं फारशी नव्हती हे खरं, तरी धडा उरतोच.

सुरुवात चाचणीच्याच खुर्चीपासून करा. आठ-दहा वेळा उठायचं-बसायचं, थोडं थांबून पुन्हा, असं दोनतीनदा. आठवड्यातून तीन दिवस. बसताना धपकन न बसता तीन आकडे मोजत खाली या, त्यात मांड्यांना जास्त काम पडतं. सोपं वाटलं की हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्या. जोडीला ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीवर हात टेकवून उभ्याने जोर काढणं. शेवटच्या दोन वेळा कष्टाने जायला हव्यात. पंधराव्या वेळीही गप्पा मारता येत असतील तर स्नायूला काही कळलेलंच नाही. छातीत दुखणं, चक्कर, आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर आधी परवानगी घ्या. चालणं चालू ठेवा, पण चालण्याने हे काम होत नाही.

व्यायामानंतर लगेच खायलाच हवं का? धावपळ नको. पुढचं जेवण नीट असलं म्हणजे झालं.

पायरी ९: आजारपणाची तयारी आधीच

म्हातारपणातली झीज उतारावरून हळूहळू घसरत नाही, पायऱ्या उतरल्यासारखी होते. एक ताप, एक पडणं, एक शस्त्रक्रिया, की एक पायरी खाली. निरोगी ज्येष्ठांना केवळ प्रयोगासाठी दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतून किलोभराच्या जवळपास स्नायू गेले. आजार असला की वरून दाहाची भर. तरुण माणूस ती पायरी आपोआप परत चढतो, म्हातारा चढेलच असं नाही. आईचं तेच झालं होतं. आम्ही आठ दिवस तिला पेज, फळांचे रस आणि ‘पडून राहा’ एवढंच दिलं, प्रेमाने.

आता आम्ही उलटं करतो. ताप असला तरी दूध, घट्ट दही, मऊ अंडं यांतलं काहीतरी दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. उठवत असेल तर दिवसातून चार वेळा खुर्चीत बसवायचं, अंथरुणात असेल तर पाय दाबत-ताणत ठेवायचे. रुग्णालयात दाखल करावं लागलं तर पहिल्याच दिवशी आहारतज्ज्ञांना भेटायचं आणि ताटातलं किती परत गेलं ते बघायचं. ताट आलं म्हणजे खाल्लं असं नसतं. बरं झाल्यावरचे सहा ते आठ आठवडे दर किलोमागे १.२ ते १.५ चा आकडा धरायचा, मूत्रपिंडं साथ देत असतील तर.

प्रथिनं वाढवलीत की पाण्याकडे लक्ष हवं, कारण म्हातारपणी तहानही नीट कळत नाही. अंडी-पनीरच्या नादात भाज्या-फळं मागे पडली तर बद्धकोष्ठ होतं, आणि मग दोष प्रथिनांवर येतो.

पायरी १०: बारा आठवड्यांनी पुन्हा तीच खुर्ची

महिन्याभरात फरक शोधू नका. सुरुवातीला वाढते ती ताकद, स्नायूंचा आकार फार मागून येतो. बारा आठवड्यांनी पुन्हा पाच वेळा उठून-बसून बघा. आकडा जागचा हलला नसेल तर वहीचं नवं पान काढा. बहुतेक वेळा न्याहारी पुन्हा बिस्किटांवर घसरलेली सापडते, किंवा व्यायामाचे तीन दिवस एकावर आलेले असतात. दोन्ही ठीक असूनही फरक नसेल तर ड जीवनसत्त्व, थायरॉइड, मधुमेह, बी१२ यांच्या तपासण्या करून घ्या.

आईचे १९ चे १४ सेकंद झाले. घड्याळ दाखवलं तर तिने आधी मागे वळून बघितलं. ‘खुर्ची बदललीस का रे?’